टोकियो सबवे तिकीट: पहाटे देऊळ, रात्री मनोरा, आणि मधला पल्ला फुकट

टोकियोचा बेत आखताना बहुतेक जण नकाशाचे तुकडे पाडतात. एक दिवस आसाकुसा आणि उएनो, दुसरा हाराजुकू आणि शिबुया, तिसरा गिंझा आणि टोकियो टॉवर. कागदावर हे शहाणपणाचं दिसतं, पण त्यात घड्याळाचा विचार नसतो. मग सेन्सोजीच्या देवळात माणूस सकाळी अकराला पोचतो आणि गर्दीत नुसता ढकलला जातो. मेइजी देवस्थानाच्या दाराशी डिसेंबरात साडेचारला पोचतो, तर दार बंद. शिबुयाचा चौक भर दुपारी पाहतो आणि यात एवढं काय आहे असं त्याला वाटतं. या शहरातलं जुनं सगळं पहाटे उघडतं आणि संध्याकाळी पाचच्या आत मिटतं. नवं सगळं दिवे लागल्यावर खुलतं. म्हणून आखणी वेळेनुसार करायला हवी. त्यासाठी रोज शहर आडवं पार करावं लागतं, आणि ते परवडवतं हे तिकीट. या परीक्षणाचा निष्कर्ष आधीच सांगतो: ७२ तासांचं तिकीट घ्यावं, ४८ तासांचंही चालेल, २४ तासांचं घेण्याआधी मात्र हिशेब करावा.

तिकिटात काय येतं, काय येत नाही

टोकियोत भुयारी रेल्वे दोन संस्था चालवतात. टोकियो मेट्रोच्या नऊ लाइन आहेत, तोएइच्या चार. या तेराही लाइनवर मुदत संपेपर्यंत हवं तितकं फिरता येतं. २०२५ मध्ये मोठ्यांसाठीचे दर २४ तासांना ८०० येन, ४८ तासांना १,२०० आणि ७२ तासांना १,५०० असे होते. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना निम्मे. त्या वर्षी येनचा भाव साधारण ५५ ते ६० पैशांच्या आसपास होता, म्हणजे तीन दिवसांचा शहरप्रवास नऊशे रुपयांच्या आत. दर बदलू शकतात, म्हणून घेण्याआधी चालू दर पाहा आणि खाली दिलेलं गणित त्या आकड्यांनी पुन्हा करा.

आता काय येत नाही ते नीट लक्षात ठेवा, कारण बहुतेकांची फसगत इथेच होते. जेआरच्या (जपान रेल्वेच्या) गाड्या यात नाहीत, म्हणजे शहराभोवती फिरणारी हिरवी यामानोते लाइनही नाही. ओदाइबा बेटाकडे जाणाऱ्या युरिकामोमे आणि रिंकाई लाइन नाहीत. विमानतळाच्या केइक्यू आणि केइसेइ गाड्या नाहीत, मोनोरेल नाही, बस आणि ट्रामही नाही. यातलं काही लागलं तर वेगळे पैसे. त्यामुळे हे तिकीट असलं तरी सोबत सुइका किंवा पास्मो या आधी पैसे भरायच्या प्रवासकार्डात हजारभर येन ठेवावेत.

यामानोते नसल्याने काही बिघडत नाही, फक्त स्थानकांची दुसरी नावं माहीत हवीत. हाराजुकूऐवजी मेइजी-जिंगूमाए स्थानकावर उतरा, दोन्ही रस्त्याच्या अल्याड-पल्याड आहेत. हामामात्सुचोऐवजी दाइमोन. आकिहाबाराला हिबिया लाइनचं त्याच नावाचं स्थानक आहे, शिवाय गिंझा लाइनचं सुएहिरोचोही चालण्याच्या अंतरावर. फोनवरचा नकाशा मात्र सारखा जेआरच सुचवत राहतो. मार्ग शोधताना भुयारी रेल्वेला प्राधान्य देणारा पर्याय निवडा, नाहीतर खिशात पास असून जादा पैसे जातील.

पैशाचं गणित

टोकियो मेट्रोचं किमान भाडं १८० येन आहे, सहा किलोमीटरपर्यंत. सात ते अकरा किलोमीटरला २१०, बारा ते एकोणीसला २६०. कार्डाने गेलात तर एक-दोन येन किंवा लांब पल्ल्याला थोडे अधिक वाचतात. तोएइचंही किमान भाडं १८०. मेट्रोतून तोएइत बदललात तर दोन्ही भाडी जोडून फक्त ७० येनांची सूट मिळते, म्हणजे दोन छोटे टप्पेही २९० येनांचे होतात. माहीत नसल्याने पैसे निसटतात ते याच बदलांत.

गिंझा लाइनचं एक टोक आसाकुसा, दुसरं शिबुया. अंतर १४.२ किलोमीटर, भाडं २६० येन, वेळ साधारण पस्तीस मिनिटं. जाऊन-येऊन ५२० येन. ७२ तासांचं तिकीट २०२५ च्या दरांत दिवसाला ५०० येन पडत होतं. म्हणजे सकाळी देऊळ, संध्याकाळी शिबुया आणि परत, एवढ्या एका फेरीतच त्या दिवसाचे पैसे वसूल. बाकीचा सगळा प्रवास फुकट. त्याच दरांत २४ तासांच्या ८०० येनांत मात्र छोट्या टप्प्यांचे पाच प्रवास तरी व्हायला हवेत. एकाच भागात पायी फिरणार असाल तर ते होत नाहीत, आणि मग साधं कार्डच स्वस्त पडतं.

दुसरी मोठी सोय म्हणजे मुदत तारखेने मोजत नाहीत, पहिल्यांदा गेटमधून गेल्या क्षणापासून तासांनी मोजतात. सोमवारी दुपारी दोनला ७२ तासांचं तिकीट सुरू केलं तर ते गुरुवारी दुपारी दोनपर्यंत चालतं. तारखा चार, पैसे तीन दिवसांचे. उतरल्या दिवशी सामान टाकून आसपासच पायी फिरायचं असेल तर तिकीट उघडू नका, पहिला लांबचा प्रवास येईल तेव्हाच ते गेटमध्ये घाला. शेवटच्या दिवशी उलटा विचार करा: मुदत दोनला संपत असेल तर शेवटचा प्रवास दोनच्या आत पूर्ण होईल असा बेत ठेवा.

तिकीट परदेशी प्रवाशांसाठी आहे, पासपोर्ट दाखवावा लागतो. हानेदा आणि नारिता विमानतळांवर, बिक कॅमेरा या दुकानाच्या काही शाखांत आणि मोठ्या मेट्रो स्थानकांतल्या पास काउंटरवर ते मिळतं. केइक्यू आणि केइसेइ या दोन्ही कंपन्या विमानतळाच्या गाडीसह जोडतिकीटही विकतात, आणि पहिल्याच दिवशी शहरात यायचं असेल तर ते जोडतिकीट घेणं सोपं. टोकियोत राहणाऱ्यांना हे तिकीट मिळत नाही. भारतातून आईवडील आले आणि मुलगा-सून तिथलेच असतील, तर पाहुण्यांनी सबवे तिकीट घ्यावं आणि यजमानांनी टोकियो मेट्रोचं २४ तासांचं तिकीट घ्यावं. ते २०२५ मध्ये ७०० येनांना कोणालाही मिळत होतं, पण त्यात फक्त मेट्रोच्या नऊ लाइन येतात. अशा घोळक्याने बेत आखताना तोएइच्या लाइन टाळाव्यात, नाहीतर प्रत्येक बदलाला निम्म्या मंडळींना वेगळे पैसे भरावे लागतात.

पहाट: सेन्सोजी, आणि त्याच्या शेजारचं खरं जुनं

आसाकुसा नावाची चार स्थानकं आहेत. गिंझा लाइनचं (स्थानक क्रमांक जी-१९), तोएइ आसाकुसा लाइनचं (ए-१८), तोबूचं आणि त्सुकुबा एक्सप्रेसचं. शेवटची दोन दुसऱ्या कंपन्यांची आहेत, या तिकिटात येत नाहीत, आणि त्सुकुबाचं तर देवळाच्या पश्चिमेला चांगलंच लांब आहे. गिंझा लाइनचं एक नंबरचं दार सगळ्यात सोयीचं, बाहेर पडून दोन मिनिटांत कामिनारिमोन, म्हणजे देवळाचं प्रवेशद्वार. ही गिंझा लाइन १९२७ च्या डिसेंबरात उएनो ते आसाकुसा अशी सुरू झाली. आशियातली ही पहिली भुयारी रेल्वे.

मुख्य मंदिर सकाळी सहाला उघडतं, ऑक्टोबर ते मार्च साडेसहाला. संध्याकाळी पाचला बंद. आवार कधीच बंद होत नाही. सात वाजेपर्यंत पोचलात तर कामिनारिमोनचा तो लाल कंदील माणसांच्या डोक्यांशिवाय दिसतो. तो ३.९ मीटर उंच, ३.३ मीटर रुंद आणि सुमारे ७०० किलो वजनाचा आहे. खालून मान वर करून बघा, तळावर कोरीव ड्रॅगन आहे. तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. पुढचा नाकामिसे रस्ता सुमारे अडीचशे मीटरचा, दोन्ही बाजूंना नव्वदेक दुकानं. पहाटे ती बंद असतात, पण शटरवर आसाकुसाच्या सणांची आणि ऋतूंची चित्रं रंगवली आहेत. ती दुकानं उघडल्यावर दिसतच नाहीत.

आख्यायिकेनुसार ६२८ साली सुमिदा नदीत दोन भाऊ मासे धरत असताना त्यांच्या जाळ्यात कान्नोनची मूर्ती आली. कान्नोन म्हणजे अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी पाहिलेल्या माणसाला हे देवळाचं मूळ दैवत परकं नाही. पण मूर्ती गुप्त ठेवलेली आहे, दर्शन होत नाही. त्यामुळे गाभाऱ्यापाशी रांग लावून काही दिसायची वाट पाहू नका. हात जोडावेत, टाळ्या वाजवू नयेत. टाळ्या शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माच्या, देवस्थानात. समोरच्या मोठ्या धूपपात्राचा धूर लोक अंगावर ओढून घेतात, दुखऱ्या भागावर फिरवतात, आपण आरतीच्या ज्योतीवर हात धरून डोळ्यांना लावतो तसं. शंभर येन टाकून भविष्याची चिठ्ठी काढता येते. इथे वाईट चिठ्ठ्यांचं प्रमाण बरंच आहे असं तिथले लोकच सांगतात. वाईट निघाली तर ती तिथल्या तारांवर बांधून टाकायची, घरी आणायची नाही.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सेन्सोजीचं मुख्य मंदिर १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळालं, आजची इमारत १९५८ ची काँक्रीटची आहे. कामिनारिमोन १९६० चा. म्हणून देवळाचं महत्त्व कमी होत नाही, भक्ती अखंड आहे. पण जुनं बांधकाम पाहायचं असेल तर मुख्य मंदिराच्या उजव्या हाताला आसाकुसा देवस्थान आहे तिकडे वळा. ते १६४९ मध्ये तेव्हाचा शासक तोकुगावा इएमित्सू याने बांधवलं आणि युद्धातून वाचलं. दोन मिनिटांवर आहे, तरी शंभरातले बरेच जण तिथून न जाताच परततात.

याच कारणासाठी दोन ठिकाणं या तिकिटावर आवर्जून करावीत. एक, नेझू देवस्थान: चियोदा लाइनवर नेझू (सी-१४) किंवा सेंदागी (सी-१५). इमारती १७०६ च्या, लहान लाल तोरीइंची (देवस्थानाच्या कमानींची) ओळ, एप्रिलमध्ये अझेलियाची टेकडी फुललेली. क्योतोच्या फुशिमी इनारीची आठवण येते, आकार अर्थात फार लहान. दुसरं, गोकोकुजी: युराकुचो लाइनवर त्याच नावाचं स्थानक (वाय-११), दार देवळासमोरच. मुख्य मंदिर १६९७ चं, लाकडाचं, भूकंप आणि युद्ध दोन्ही पाहिलेलं. प्रवेश फुकट, परदेशी पाहुणे जवळजवळ नाहीत. टोकियोत एकच जुनी लाकडी वास्तू शांतपणे बसून पाहायची असेल तर आमची पसंती गोकोकुजीला.

नेझूपासून यानाका गिंझा हा जुन्या वळणाचा बाजार पायी पंधरा मिनिटांवर. जेमतेम १७० मीटरची गल्ली आहे, तासभर पुरे. ती दुपारची ठेवा, कारण सकाळी दहाच्या आत दुकानं उघडत नाहीत.

सकाळ: मेइजी देवस्थान

चियोदा किंवा फुकुतोशिन लाइनने मेइजी-जिंगूमाए. हे देवस्थान सूर्योदयाला उघडतं आणि सूर्यास्ताला बंद होतं. जूनमध्ये पहाटे पाच ते संध्याकाळी साडेसहा, डिसेंबरमध्ये ६.४० ते दुपारी चार. हिवाळ्यात जेवण उरकून निवांत जाऊ म्हणणाऱ्यांची निराशा होते ती यामुळेच. देवस्थान १९२० मध्ये स्थापन झालं, आजच्या मुख्य इमारती १९५८ च्या. भोवतीचं सत्तर हेक्टरांचं जंगल माणसांनी लावलेलं आहे, जपानभरातून आलेल्या सुमारे एक लाख झाडांचं. हे कळल्यावर त्या सावलीकडे बघण्याची नजरच बदलते. मोठं लाकडी तोरीइ बारा मीटर उंच, तैवानहून आणलेल्या सायप्रसचं. इथे दोनदा वाकून नमस्कार, दोन टाळ्या, पुन्हा एक नमस्कार. आधी पाण्याने डावा हात, मग उजवा, मग डाव्या ओंजळीतलं पाणी तोंडाला. पळीला तोंड लावायचं नाही.

वाट खडीची आहे. स्थानकापासून देवळापर्यंत दहा-बारा मिनिटं चालावं लागतं, चाकांची बॅग आणि बाबागाडी दोन्ही त्रास देतात. आसाकुसाहून इथे येताना गिंझा लाइनने ओमोतेसान्दोपर्यंत या आणि तिथे चियोदा लाइन पकडा, एकच स्थानक. हाच प्रवास एरवी २६० येनांचा आहे.

दुपार: जिथे वेळ जातो ती ठिकाणं

टीमलॅब या डिजिटल कलाप्रदर्शनाच्या दोन वेगळ्या जागा आहेत आणि लोक चुकीच्या ठिकाणी जाऊन पोचतात. बॉर्डरलेस २०२४ च्या फेब्रुवारीपासून आझाबुदाई हिल्समध्ये आहे, हिबिया लाइनच्या कामियाचो (एच-०५) स्थानकाला जोडून. जुनी माहितीपत्रकं अजून तिला ओदाइबात दाखवतात. प्लॅनेट्स ही वेगळी, तोयोसू भागात. युराकुचो लाइनच्या तोयोसू स्थानकावरून पायी जाता येतं, युरिकामोमेचे पैसे वाचतात. प्लॅनेट्समध्ये अनवाणी गुडघाभर पाण्यातून चालायचं असतं, म्हणून वर दुमडता येईल अशी सैल पँट घाला. दोन्हीकडे काही दालनांत आरशाची जमीन आहे, तेव्हा स्कर्ट किंवा साडी नको. तिकीट वेळेनुसार असतं आणि आधी काढावं लागतं. आयत्या वेळी मिळेल या भरवशावर राहू नका.

गिंझात काबुकी या पारंपरिक जपानी नाटकाचं थिएटर, काबुकी-झा, आहे, हिगाशी-गिंझा स्थानकातून थेट वर. पूर्ण प्रयोग चारेक तासांचा, पण एकाच अंकाचं तिकीटही मिळतं. सगळ्यात वरच्या मजल्यावरची बैठक, स्वस्त आणि तासाभरात आटोपणारी. संगीत नाटकाची सवय असलेल्या मराठी प्रेक्षकाला नटाचं थबकणं आणि प्रेक्षागृहातून आलेली दाद लगेच समजते. इंग्रजी मजकूर दाखवणारं छोटं यंत्र भाड्याने घ्या, त्याशिवाय कथा कळत नाही.

सम्राटांच्या राजवाड्याच्या पूर्व बागेत प्रवेश फुकट, सोमवार आणि शुक्रवारी बंद. ओतेमाची स्थानक जवळ. तिथला किल्ल्याचा मुख्य बुरूज १६५७ च्या आगीत गेला तो पुन्हा बांधला नाही, दगडी चौथरा तेवढा उभा आहे. आपल्याकडे गड चढणाऱ्यांना त्या दगडांची सांधणी जवळून पाहायला आवडेल, चुना न वापरता बसवलेले प्रचंड चिरे आहेत.

संध्याकाळ आणि रात्र: उंचावरून शहर

उंचावरून शहर पाहायला पैसे किती घालावेत हा प्रश्न हमखास येतो. महानगर सरकारच्या इमारतीत ४५ व्या मजल्यावर, २०२ मीटर उंचीवर, निरीक्षण कक्ष आहे आणि तो फुकट आहे. इमारत केंझो तांगे यांनी आराखडलेली, २४३ मीटरची. तोएइ ओएदो लाइनचं तोचोमाए (ई-२८) स्थानक थेट खाली. सकाळी साडेनऊला उघडतं, रात्री साडेनऊपर्यंत प्रवेश. उत्तर आणि दक्षिण असे दोन कक्ष आहेत, त्यांच्या सुट्ट्या वेगळ्या, म्हणून एक बंद दिसला तर दुसऱ्याची लिफ्ट शोधा. थंडीत हवा स्वच्छ असली की सकाळी फुजी दिसतो. उन्हाळ्यात धूसर हवेमुळे आशा ठेवू नये.

शिबुया स्काय हा पैसे घालण्याजोगा पर्याय, पण एका अटीवर: सूर्यास्ताच्या अर्धा-पाऊण तास आधीची वेळ मिळाली तरच. २२९ मीटरवर उघडी गच्ची, काचेच्या कडा, दिवस मावळताना पाहणं आणि दिवे लागताना पाहणं एकाच तिकिटात. त्या वेळेची तिकिटं विक्रीला खुली होताच संपतात. डिसेंबरात सूर्य साडेचारला मावळतो, जूनमध्ये सातला, ते पाहून वेळ निवडा. पिशवी, टोपी, छत्री, ट्रायपॉड गच्चीवर नेता येत नाही, सगळं लॉकरमध्ये. वारा किंवा पाऊस जोराचा असेल तर गच्ची बंद ठेवतात आणि फक्त आतला मजला उरतो. हवामान पाहून त्या दिवशी वेळ बदलता येत नाही, ही या जागेची खरी उणीव.

स्कायट्री ६३४ मीटरचा. जपानीत ६-३-४ हे आकडे मु-सा-शी असे वाचता येतात आणि मुसाशी हे या प्रांताचं जुनं नाव. हांझोमोन किंवा आसाकुसा लाइनने ओशिआगे. ३५० आणि ४५० मीटरवर दोन मजले आहेत. एवढ्या उंचीवरून शहर नकाशासारखं सपाट दिसतं, म्हणून वर जाण्यापेक्षा तो खालून, सुमिदा नदीच्या काठावरून पाहावा असं आमचं मत. टोकियो टॉवरचंही तेच. १९५८ चा, ३३३ मीटरचा हा मनोरा झोजोजीच्या आवारातून पाहिला की पुढे देवळाचं काळं छप्पर आणि मागे केशरी दिवे, एका नजरेत दोन्ही टोकियो. ओनारिमोन, शिबाकोएन किंवा दाइमोन स्थानकावर उतरा. याला पैसे लागत नाहीत.

रात्री परत आसाकुसाला गेलात तर सेन्सोजी उजळलेलं असतं आणि माणसं तुरळक. तिकीट हातात असल्याने ही जादा फेरी मनात आल्याबरोबर करता येते. शेवटच्या गाड्या मध्यरात्रीच्या सुमारास सुटतात आणि त्यानंतर पहाटे पाचपर्यंत काही नाही. टॅक्सी फार महाग पडते.

काय चुकतं आणि का

गाड्या हद्द ओलांडतात. टोकियोच्या बऱ्याच भुयारी गाड्या शेवटच्या स्थानकावर न थांबता दुसऱ्या कंपनीच्या रुळांवर तशाच पुढे जातात. हांझोमोन लाइनची गाडी शिबुयानंतर तोक्यूची होते, चियोदाची योयोगी-उएहारानंतर ओदाक्यूची, तोझाइची नाकानोनंतर जेआरची. फुकुतोशिनची गाडी तर योकोहामापर्यंत जाते. डुलकी लागली की तिकिटाची हद्द संपते. असं झालं तर घाबरू नका. उतरा, माणूस बसलेल्या खिडकीवर जा, तिकीट दाखवा, हद्दीच्या स्थानकापुढचंच भाडं भरा.

ओएदो लाइन गोल नाही. नकाशावर ती वर्तुळ दिसते, पण आकार सहाच्या आकड्यासारखा आहे आणि गाठ तोचोमाएला. वर्तुळ पुरं करायचं असेल तर तिथे गाडी बदलावी लागते. शिवाय ही लाइन फार खोल आहे. रोप्पोंगीचा तिचा फलाट जमिनीखाली ४२ मीटर आहे, रस्त्यावर यायला पाच-सात मिनिटं सहज जातात. नकाशाने सांगितलेल्या वेळेत ती धरा.

बदलाचं स्थानक निवडताना अंतर पाहा. ओतेमाचीला पाच लाइन मिळतात, पण एकीकडून दुसरीकडे जाताना भुयारात दहा मिनिटं चालावं लागू शकतं. उलट ओमोतेसान्दोला गिंझा आणि हांझोमोन एकाच फलाटाच्या दोन बाजूंना, आकासाका-मित्सुकेला गिंझा आणि मारुनोउची तशाच. गुडघे दुखणारे कोणी सोबत असतील तर बदल याच दोन ठिकाणी करा, मार्ग थोडा लांबला तरी हरकत नाही. फलाटावर पिवळ्या पाट्या असतात, कोणत्या डब्यासमोर जिना, लिफ्ट आणि बदलाची वाट येते ते त्यावर लिहिलेलं असतं. लिफ्ट प्रत्येक दाराला नसते, एखाद्या-दुसऱ्यालाच असते, तेव्हा आधी दाराचा नंबर शोधा.

शिबुयाला गिंझा लाइनचा फलाट रस्त्याच्या वर, तिसऱ्या मजल्यावर आहे. फुकुतोशिनचा पाताळात. दोन्ही "शिबुया"च, पण एकमेकांकडे जायला दहा मिनिटं.

कागदी तिकीट गेटच्या खाचेत घालायचं असतं. काही गेटना खाच नसते, फक्त कार्डाची जागा असते, तिथे अडून मागची रांग थांबते. तिकीट पलीकडे बाहेर येतं ते उचलायला विसरू नका, दिवसातून एकदा तरी कोणीतरी विसरतंच. मागे चुंबकीय थर असतो, त्यामुळे चुंबकाच्या फोन-कव्हरजवळ ठेवू नका. सकाळी साडेसात ते नऊ गर्दीची वेळ, तेव्हा मोठं सामान घेऊन चढू नका. काही लाइनवर त्या वेळेत महिलांसाठी राखीव डबा असतो, फलाटावर गुलाबी खूण दिसते.

शाकाहारी मंडळींसाठी

जपानी रस्सा दाशी या अर्कावर उभा असतो आणि दाशी बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाची. त्यामुळे भाज्यांचा उदोन किंवा सोबा (जपानी शेवयांचे प्रकार) मागवला तरी रस्सा माशाचाच असतो. "मांस नाही" एवढं सांगून भागत नाही, "मासा नाही, दाशी नाही" असं लिहून दाखवा. नाकामिसेत कामिनारी-ओकोशी मिळते, फुलवलेल्या तांदळाला पाकात घालून थापलेली, आपल्या कुरमुऱ्याच्या लाडवाची चुलत बहीण. निंग्योयाकी या गोड केकमध्ये अंडं असतं. खात खात चालणं इथे नापसंत आहे, दुकानापुढेच उभं राहून संपवायचं.

घरच्यासारखं जेवण हवं असेल तर तोझाइ लाइनने निशी-कासाई (टी-१६). एदोगावा भागात भारतीय कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात, त्यात मराठीही बरीच, आणि स्थानकाच्या आसपास भारतीय खाणावळी व वाणसामानाची दुकानं आहेत. तिकिटात हा प्रवास येतो. मारुनोउची लाइनने हिगाशी-कोएंजीला (एम-०४) उतरलं तर थोड्या अंतरावर रेनकोजी आहे, नेताजी सुभाषचंद्रांच्या अस्थी जिथे ठेवल्याचं मानतात ते छोटं देऊळ. आवारात त्यांचा अर्धपुतळा आहे. त्याच लाइनने शिंजुकूला परत आलात की नाकामुराया हे उपाहारगृह आहे. क्रांतिकारक रासबिहारी बोस यांच्यामुळे १९२७ मध्ये तिथे भारतीय करी सुरू झाली. ती कोंबडीची असते, शाकाहाऱ्यांनी फक्त इमारत पाहावी.

परतीच्या दिवशी हानेदाला जायचं असेल तर तोएइ आसाकुसा लाइनची थेट विमानतळाकडे जाणारी गाडी पकडा. हे तिकीट सेंगाकुजीपर्यंत चालतं. गाडी न बदलता तशीच पुढे जा आणि विमानतळाच्या स्थानकावर खिडकीवर सेंगाकुजीपासूनचं केइक्यूचं भाडं रोख भरा. गाडीच्या पाटीवर हानेदा लिहिलंय का ते चढताना तपासा, कारण त्याच फलाटावरून पुढे केइक्यूच्या दुसऱ्या दिशेला जाणाऱ्या गाड्याही सुटतात.